उसाच्या चिपाडाची वीट आणि आपली पत्र्याची शेड



हैदराबाद म्हटलं की आपल्याला आठवतो मासळी कुठं सापडेल याचा अंदाज. तो देणारी इन्कॉइस संस्था तिथलीच, समुद्र नसलेल्या शहरातली. आज त्याच हैदराबादच्या आयआयटीतला एक शोध सांगतो. शोध मासळीचा नाही, विटेचा आहे. पण उन्हाळ्यात दुपारी आपल्या शेडमध्ये बर्फाचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांनी पूर्ण वाचावं.

प्रियव्रत राउत्राय हे आयआयटी हैदराबादच्या डिझाइन विभागात पीएचडी करत होते. शेतातला पेंढा, चिपाडं, पऱ्हाट्या लोक जाळून टाकतात आणि त्याचा धूर शहरांवर बसतो. त्याच कचऱ्याची वीट का करू नये, असं त्यांनी आणि भुवनेश्वरच्या केआयआयटीचे अविक रॉय यांनी ठरवलं. सुरुवात केली उसाच्या वाळलेल्या चिपाडापासून.

कृती साधी आहे. चिपाडाचे बारीक तुकडे करायचे, चुन्याच्या पातळ गाऱ्यात कालवायचे, साच्यात भरून लाकडी ठोकळ्यानं घट्ट ठोकायचे. एकदोन दिवसांनी साचा काढायचा. मग वीट हवेवर वाळू द्यायची. पक्की व्हायला महिनाभर लागतो, पण भाजावी लागत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू कडक होतो. (चुना तयार करायला भट्टी लागतेच, ते विसरू नका.) चुना आपल्याला नवा नाही. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करायचे, जुन्या घरांच्या भिंतींत तो अजून दिसतो.

ही वीट मातीच्या विटेच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतकी हलकी. तुकड्यांमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे बाहेरची उष्णता सहज आत येत नाही. आपल्या थर्माकोलच्या पेटीचं तत्त्व तेच. फरक इतकाच की थर्माकोल फुटला की त्याचे दाणे खाडीत तरंगत राहतात आणि मग आपल्याच जाळ्यात येतात.

2021 च्या सप्टेंबरमध्ये आयआयटीच्या आवारात या विटांची सुरक्षारक्षकाची केबिन उभी राहिली. सांगाडा लोखंडी, छताला पीव्हीसीचे पत्रे आणि त्यांच्यावर ह्याच विटा, म्हणजे ऊन आत कमी येतं. पाऊस लागू नये म्हणून भिंतींना आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा.

आता आपल्या उपयोगाचं. ही वीट भार पेलत नाही, म्हणून तिला सांगाडा हवाच. चिऱ्याच्या जागी ही घालून घर बांधू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दुसरं, आपला पाऊस आणि खारी हवा. शेवटी आत पेंढाच आहे, ओल शिरली तर कुजणार. बर्फाच्या खोलीत आतून लावायची तर माझा साफ विरोध आहे, तिथं बाराही महिने पाणी. पण शेडच्या पश्चिमेच्या बाजूला, जिथं दुपारनंतर ऊन थेट पत्र्यावर येतं, तिथं बाहेरून गिलावा करून एक भिंत उभी करायला हरकत नाही. एक पावसाळा जाऊ दे, मग बघू. सांगाडा आपल्याकडे आहेच.

जाता जाता आणखी एक, हे तर आपल्याच धंद्यातलं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या लुसी ह्यूज या विद्यार्थिनीनं माशांची कातडी आणि खवलं लाल शेवाळापासूनच्या पदार्थात मिसळून पारदर्शक पातळ कागद बनवला. पिशवीसारखा वापरता येतो, आणि घरच्या खतखड्ड्यात चार ते सहा आठवड्यांत कुजतो. 2019 चा जेम्स डायसन पुरस्कार तिला मिळाला. मासळी साफ करताना आपल्या बायका रोज जी खवलं फेकतात, तीच ही!

विटेचं म्हणाल तर खर्चाचा अंदाज हातात आल्याशिवाय मी ठराव मांडणार नाही. ज्यांची मुलं-मुली पॉलिटेक्निकला किंवा सिव्हिल इंजिनीअरिंगला आहेत, त्यांनी कार्यालयात भेटावं. चुना आणि पेंढा इथलाच घेऊन दहाबारा विटा करून पाहू. साचा आपला सुतार करून देतो म्हणालाय. वाळवायला महिना लागतो, तेव्हा पावसाच्या आधी सुरुवात व्हायला हवी.

– सचिव