पुढचे जॅक मुके का झाले?

"सूनबाई, हा कॉम्प्युटर माझ्याशी बोलेनासा झालाय गं," हातातला हेडफोन पुढे करीत आप्पा म्हणाले.

आप्पा म्हणजे माझे सासरे. अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेले. ऐकू कमी येते, म्हणून रात्री घरातले सगळे झोपले की मोठा हेडफोन कानांवर चढवून ते जुनी नाट्यगीते ऐकत बसतात. रविवारी परदेशातून नणंदेचा व्हिडिओ कॉल येतो, तोही याच हेडफोनवर. तो लावायची जागा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, अगदी हाताशी.

पावसाळ्यात एकदा विजेचा दाब वरखाली झाला आणि आमच्या कॉम्प्युटरचा आवाजच गेला. दुरुस्ती करणाऱ्याने वेगळे साउंड कार्ड बसवून दिले. मागे जोडलेले स्पीकर छान वाजू लागले, पण पुढचे दोन्ही जॅक मुके ते मुकेच! फोन केला तर उत्तर मिळाले, "ताई, कार्ड टाकलं की पुढचं बंदच होतं. मागे लावा, नाहीतर नवीन कॅबिनेट घ्या."

आप्पांनी मागे लावायचा प्रयत्नही केला. टेबलाखाली वाकून, चाचपडत त्यांनी पिन घातली ती नेमकी माइकच्या गुलाबी भोकात. कंबर धरून उठले आणि म्हणाले, "राहू दे. मला एवढं काही ऐकायचं नसतं." त्यानंतर आठ दिवस हेडफोन खुंटीवर लटकत होता. शेवटी मीच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

दोष एका वायरचा

ज्या डब्याला आपण घरोघरी 'सीपीयू' म्हणतो, त्याच्या पुढच्या जॅकमध्ये स्वतःचा आवाज नसतो. ती नुसती भोके. त्यांच्या मागून एक बारीक वायर निघते आणि मदरबोर्डवरच्या छोट्या पिनांवर जाऊन बसते. मदरबोर्डवरचा आवाजाचा भाग जळाला, त्याची जागा कार्डाने घेतली, पण वायर मात्र जुन्याच ठिकाणी राहिली. मेलेल्या विहिरीत पोहरा सोडल्यासारखे झाले! वायर तिथून काढून कार्डावर लावली की काम होते. नवीन कॅबिनेट कशाला?

१९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर कार्ड बाजारात आणले, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरला धड आवाजच नसे आणि जोडणी सगळी कार्डाच्या मागे. पुढे मदरबोर्डमध्येच आवाजाची सोय आली. इंटेल कंपनीने आधी 'एसी ९७' आणि मग २००४ मध्ये 'एचडी ऑडिओ' अशी पद्धत ठरवून दिली. म्हणूनच कित्येक कॅबिनेटच्या ऑडिओ वायरला दोन टोके असतात. एकावर 'एसी ९७' लिहिलेले, दुसऱ्यावर 'एचडी ऑडिओ'. दोन्ही सारखीच दिसतात, पण आतली जोडणी वेगळी. कार्ड अलीकडचे असेल तर बहुधा 'एचडी ऑडिओ'चेच टोक लागते. कार्डाच्या माहितीपत्रकात ते दिलेले असते. चुकीचे टोक लावले तर हेडफोन घातल्याचे कार्डाला कळतच नाही.

पिना मोजून घ्या

आधी कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीच्या प्लगमधून काढा. मग चालू करायचे बटण दोनचार सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा. सिंथेटिक साडी नेसून हे काम करू नका, हेही सांगून ठेवते. बाजूचे झाकण काढल्यावर मोबाइलवर एक फोटो घ्या. परत लावताना तो फार उपयोगी पडतो.

ऑडिओच्या पिना पाच-पाचच्या दोन ओळींत असतात आणि त्यातली एक मुद्दामच गाळलेली असते. इथे नीट लक्ष द्या. ऑडिओच्या जागेत रिकामी पिन टोकापासून दुसरी असते. शेजारीच यूएसबीची जागा असू शकते, अगदी तशीच दिसणारी, पण तिच्यात रिकामी पिन अगदी टोकाला असते. टोक सहज बसत नसेल तर जागा चुकली असे समजा. जोर लावलात तर पिना वाकतील, कदाचित काही जळेलही.

वायर ओढताना प्लास्टिकचे टोक धरायचे, वायर नाही. माझी वायर कार्डापर्यंत चार बोटे कमी पडली! तिला जोडायची वाढीव वायर बाजारात मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, 'फ्रंट पॅनल ऑडिओ एक्स्टेंशन' म्हटले की दुकानदाराला कळते.

मात्र सगळ्याच कार्डांवर या पिना नसतात. स्वस्तातल्या कार्डावर ती जागा कोरीच असते, तर काही जुन्या कार्डांवर पिनांची मांडणीच निराळी. कार्ड घेतानाच दुकानात ते उलटसुलट करून पाहावे. आधीच घेऊन बसला असाल तर कार्डाच्या मागच्या हिरव्या जॅकला हेडफोनची एक्स्टेंशन वायर लावून टेबलावर आणावी. दिसायला बरे नाही, पण वाकावे लागत नाही.

वायर बसवली तरी पहिल्यांदा आवाज आलाच नाही. छातीत धस्स झाले. मग लक्षात आले, विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये अजून जुनेच उपकरण निवडलेले होते. ते बदलून साउंड कार्ड निवडले. पुन्हा घोळ नको म्हणून बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डचा ऑडिओही बंद केला. काही कार्डांत हेडफोन घातला की स्पीकर आपोआप थांबतात, काहींत ते पडद्यावर निवडावे लागते. आमचे दुसऱ्या जातीचे निघाले, म्हणून आप्पांना मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवली.

रविवारच्या कॉलला आणखी एक गंमत. आप्पांना लेकीचा आवाज ऐकू येत होता, तिला मात्र आप्पांचा येईना. नातवाने आपला मोबाइलचा हेडफोन त्यांना लावून दिला होता. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, माइकही त्यातच. कॉम्प्युटरचे हिरवे आणि गुलाबी भोक मात्र वेगवेगळे. त्यासाठी एका टोकाची दोन करणारा जोड घ्यावा लागला. पुढच्या रविवारी आप्पा पाऊण तास बोलत होते, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे इतक्या मोठ्याने, की शेजारच्या काकूंनाही नणंदेची सगळी खुशाली कळली.