प्रशिक्षण साहेबाला, मोजमाप कोणाचं?

'कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य' हा विषय सध्या बऱ्याच जणांना पीएचडीसाठी खुणावतो. आराखडाही ठरलेला: मॅनेजर लोकांची कार्यशाळा घ्यायची, आधी आणि नंतर त्यांच्याकडूनच प्रश्नावली भरून घ्यायची, गुण वाढले की प्रशिक्षण परिणामकारक. पण आपण समजूतदार झालोय असं साहेबाला वाटणं वेगळं आणि हाताखालच्या माणसाला ते जाणवणं वेगळं. तुम्हाला दुसरी गोष्ट शोधायची असेल, तर मोजमापही त्या माणसाचंच हवं.

हे कसं करतात ते बघायला ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलातला प्रयोग मुळातून वाचा. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आलाय. 128 अधिकाऱ्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. एका गटाला चार तासांचं प्रशिक्षण दिलं: मानसिक आजारांची ओळख, आणि त्रासात असलेल्या किंवा रजेवर गेलेल्या सहकाऱ्याशी बोलायचं कसं. मुख्य निकष मात्र हाताखालच्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा हा होता, आणि त्याही दलाच्या नोंदींतून घेतलेल्या. सहा महिन्यांत कामाशी संबंधित रजा दर कर्मचाऱ्यामागे सुमारे साडेसहा तासांनी कमी झाली, असा निष्कर्ष निघाला.

लगेच टाळ्या नकोत. आकडे बघा. प्रशिक्षण गटात या रजेचं प्रमाण आधी 1.56 टक्के होतं, नियंत्रण गटात 0.95. नंतर पहिलं 0.28 अंकांनी उतरलं, दुसरं तेवढंच चढलं. वहीत वजाबाकी-बेरीज करा: 1.28 आणि 1.23. दोन्ही गट शेवटी जवळजवळ एकाच जागी! मग यात प्रशिक्षणाचा वाटा किती, आणि वर-खाली असलेले आकडे आपसूक सरासरीकडे सरकतात त्याचा किती? पी-मूल्य 0.049, आणि मुख्य विश्लेषणात 128 पैकी 88 अधिकारीच उरलेले. एवढं असूनही मला हा अभ्यास आवडतो, कारण हे प्रश्न विचारता येतील इतकं त्यांनी उघड मांडलंय.

आता जरा अडचणीचा मुद्दा. रजा कमी होणं चांगलंच, असं कशावरून? एमी एडमंडसन यांच्या 1996 च्या रुग्णालयातल्या अभ्यासात चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत औषधांच्या चुका जास्त सापडल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे चुका सांगायची भीती कमी होती. तुमच्याकडेही प्रशिक्षणानंतर लोक पहिल्यांदाच मोकळेपणी 'ताण आलाय, सुट्टी हवी' म्हणतील आणि रजा वाढेल. तेव्हा आकडा कुठल्या दिशेला गेला तर यश म्हणायचं, हे माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा आणि त्यावर गाइडची सही घ्या. (नंतर कोणालाच आठवत नाही.)

आणि नमुन्याचा आकार ठरवताना एक ध्यानात ठेवा: 20 मॅनेजर आणि त्यांच्या हाताखाली 300 माणसं असतील, तर ती 300 स्वतंत्र उत्तरं नाहीत. एकाच साहेबाखालच्या माणसांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. चिठ्ठी मॅनेजरच्या नावाने टाकली असेल, तर विश्लेषणातही तो गट धरावाच लागतो.