आळस की थायरॉईड?

"हल्ली कामच उरकत नाही. सकाळी उठले तरी झोप झाल्यासारखी वाटत नाही." पस्तिशी-चाळिशीतील कितीतरी स्त्रिया अशी तक्रार करतात. घरचे म्हणतात, वजन वाढले आहे, जरा हालचाल करत जा. शेजारीण म्हणते, वयानुसार हे व्हायचेच. मग टॉनिकची बाटली येते, अंगदुखीवर गोळी घेतली जाते आणि वर्ष-दोन वर्षे अशीच निघून जातात. यांपैकी काहीजणींच्या बाबतीत दोष आळसाचा नसतोच. बिघाड असतो तो गळ्यातील एका लहानशा ग्रंथीत.

या ग्रंथीचे नाव थायरॉईड. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून ती असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आणि वजन मोठ्या माणसात साधारण १५ ते २० ग्रॅम.

ग्रंथीचे कार्य

कंदिलाची वात वरखाली करायला एक चावी असते. थायरॉईडचे काम थेट तसेच. अन्नातून मिळालेली शक्ती शरीराने किती वेगाने खर्च करायची, हे तिच्यातून पाझरणारी संप्रेरके ठरवतात. हृदयाचे ठोके, अंगातील ऊब, आतड्यांची हालचाल, मासिक पाळी आणि बुद्धीची वाढ या साऱ्यांवर त्यांचा अंमल चालतो.

टी-४ व टी-३ ही ती दोन संप्रेरके. त्यांच्या रेणूत आयोडीनचे अनुक्रमे ४ व ३ अणू असतात, म्हणून ही नावे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी आहे. ती टी.एस.एच. नावाचे संप्रेरक सोडून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड मंदावली की पियूषिका अधिक जोराने हाक मारते. म्हणूनच थायरॉईडचे काम कमी असते, तेव्हा रिपोर्टात टी.एस.एच. सहसा वाढलेले दिसते. "टी.एस.एच. वाढले म्हणजे थायरॉईड जास्त झाली," हा अनेकांचा समज त्यामुळे चुकीचा आहे.

वात खाली गेली तर

थकवा, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, केस गळणे, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव, विसराळूपणा व उदासपणा ही स्राव कमी झाल्याची लक्षणे होत. वजनही थोडे वाढते. ही लक्षणे इतक्या सावकाश येतात की रोग्याला स्वतःलाच ती कळत नाहीत. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. आयोडीन पुरेसे मिळत असतानाही शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते, हे त्याचे नेहमीचे कारण. जपानचे डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी त्याचे वर्णन १९१२ मध्ये केले.

उपचार सोपा आहे. शरीराला जे कमी पडते, तेच थायरॉक्सिनच्या गोळीतून द्यायचे. इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. पुढे हे उपचार चालू ठेवून ती सुमारे २८ वर्षे जगली. तेव्हा गोळी जन्मभर घ्यावी लागली, तरी तिला घाबरण्याचे कारण नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी घ्याव्यात. बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नये. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे.

वात वर चढली तर

स्राव वाढला तर सारेच उलट होते. भूक चांगली असून वजन घटते. छातीत धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, उकाडा सोसत नाही, जुलाब होतात, चिडचिड वाढते. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. वृद्धांत मात्र कधी कधी नाडीचे ठोके अनियमित होणे एवढेच लक्षण असते. यावर गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन व शस्त्रक्रिया असे तीन मार्ग आहेत. स्राव कमी करणाऱ्या या गोळ्या चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात.

गलगंड आणि मीठ

ग्रंथी फुगून गळ्यापुढे गाठ दिसते, तिला गलगंड म्हणतात. आयोडीनची कमतरता हे त्याचे जुने कारण. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये काम सुरू केले आणि आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या माणसाला दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. सुटे जाडे मीठ किंवा सैंधव यांतून ते भरवशाने मिळत नाही. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले पाहूनच मीठ घ्यावे, झाकणाच्या बरणीत ठेवावे व चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे. शिजवलेला कोबी वा फ्लॉवर बेताने खाल्ल्यास अपाय होत नाही.

गळ्यातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरी गाठ झपाट्याने वाढली, आवाज बसला किंवा गिळताना अडचण आली, तर सोनोग्राफी व गरजेप्रमाणे सुईने पेशींची तपासणी करून घ्यावी.

बाळासाठी दक्षता

सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे, कारण डोस बहुधा वाढवावा लागतो. गरोदरपणात गोळी बंद करणे धोक्याचे असते.

भारतात हजार-अकराशे जन्मांमागे सुमारे एका बाळाची थायरॉईड जन्मतःच अपुरी असते. असे बाळ जन्मतः बहुधा सुदृढच दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास ते बहुधा इतर मुलांसारखेच वाढते. उशीर झाल्यास मतिमंदत्व येते आणि ते नंतर भरून निघत नाही. तपासणीला टाचेतील रक्ताचे चार-दोन थेंब पुरतात. बाळंतिणीला घरी नेताना बाळाच्या टी.एस.एच.ची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.