संगणकाचा जठराग्नि

घरांत कोणतीहि महत्त्वाची वस्तु आणण्यापूर्वीं चार जाणत्यांचा विचार घ्यावा, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. धान्य, वस्त्र, दागिना, भांडें, प्रत्येकाची पारख असणारें एखादें माणूस एकत्र कुटुंबांत सांपडतेंच. संगणकाच्या बाबतींत मात्र ही परंपरा एकाएकीं खंडित झाल्यासारखी दिसते. घरांतील पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा यादी करितो आणि वडील पैसे मोजतात. खेळासाठीं लागणारें ग्राफिक कार्ड, प्रोसेसर, फार काय पण पेटींतील रंगीत दिवे, यांचा त्या यादींत बारीक विचार झालेला असतो. आणि अगदीं शेवटच्या ओळींत, उरलेल्या पैशांत बसेल असा, एक एसएमपीएस लिहिलेला असतो. पुष्कळदां तर तोहि निराळा घेत नाहींत. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो फुकट मिळतो त्यावरच भागवितात. पुढें तो बिघडला म्हणजे नवा कसा निवडावा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागील बाजूस बसविलेली, पंखा असलेली लोखंडी पेटी. आपल्या भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची आणि सेकंदास ५० आवर्तनें करणारी. संगणकाचे अवयव मात्र कोंवळे. त्यांस १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी आणि न डगमगणारी वीज लागते. ही पेटी आलेली वीज प्रथम एकदिश करिते. त्या वेळीं तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्टांवर, आणि आजच्या पुष्कळ संचांत त्याहूनहि वर चढतो. मग ती वीज सेकंदास हजारों वेळां तोडून-जोडून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून काढिली जाते, आणि पुन्हां गाळून-निवळून पुढें पाठविली जाते. शरीरांत जें काम जठराग्नीचें, तेंच संगणकांत या पेटीचें. अग्नि मंद झाला म्हणजे पंचपक्वान्नेंहि व्यर्थ होतात. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ठरविलेल्या एटीएक्स नांवाच्या नियमावलीनें या पेटीची मापें, जोडण्या आणि दाब निश्चित केले. म्हणूनच आज एका कंपनीची पेटी काढून तिच्या जागीं दुसरीची बसवितां येते.

पेटी बदलण्यापूर्वीं दोष तिचाच आहे, याची खात्री करून घेणें अगत्याचें आहे. आमच्या प्रतापनगरांतील घरीं गेल्या वैशाखांत नातवाचा संगणक विचित्र वागूं लागला. लिहिणें-वाचणें, शाळेचे पाठ पाहणें, सर्व दिवसभर सुरळीत चाले; परंतु एखादा मोठा खेळ लावला कीं दहा मिनिटांत, फुंकर घालून दिवा मालवावा तसें, यंत्र एकदम बंद पडे. एका दुकानदारानें ग्राफिक कार्डच गेलें असें निदान करून नवें घेण्याचा सल्ला दिला. तो खर्च थोडाथोडका नव्हता. शेजारच्या घरांतील एक चांगला एसएमपीएस तासभर उसना आणून लावला, तेव्हां त्याच कार्डावर तोच खेळ निर्वेध चालला. निदानाचा हाच सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा मार्ग होय. प्रोसेसर तापल्यानेंहि यंत्र असें बंद पडूं शकतें. म्हणून त्याचा पंखा फिरतो कीं नाहीं, त्यावर धूळ दाटली आहे काय, हें अगोदर पाहावें. मात्र एसएमपीएसची पेटी घरीं कधींहि उघडूं नये. वीज बंद करून तार काढिल्यावरहि तिच्या आंतील मोठा कपॅसिटर प्राणघातक दाबाची वीज कांहीं काळ धरून ठेवितो. मुलांस ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

जुन्या पेटीवरील चिठ्ठी आम्हीं वाचली, आणि सर्व उलगडा झाला. मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापलेलें होतें. परंतु खालच्या बारीक कोष्टकांत १२ व्होल्टच्या रकान्यांत १८ अँपिअर एवढाच आंकडा होता. व्होल्टांस अँपिअरनें गुणिलें म्हणजे वॅट मिळतात, हें शाळेंत शिकविलेलें गणित. १२ गुणिले १८ म्हणजे २१६. आजच्या संगणकांत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन मोठे भोक्ते आपलें जवळजवळ सर्व अन्न या १२ व्होल्टच्या रांगेंतूनच घेतात. नातवाचा कोअर आय-५ १२४०० एफ हा प्रोसेसर भरधांव चालतांना ११७ वॅटपर्यंत घेतो, आणि आरटीएक्स ३०६० हें कार्ड १७० वॅट. म्हणजे दोघांचीच मागणी २८७ वॅट, आणि देणाऱ्याची ऐपत २१६. पाटावर बसलेले तीस आणि पानें वीस, असा हा प्रकार होता.

तेव्हां पहिला नियम असा कीं मोठ्या अक्षरांतील वॅट न पाहतां १२ व्होल्टच्या रकान्यांतील अँपिअर पाहावे. चांगल्या पेटींत या रांगेची शक्ति एकूण वॅटांच्या जवळपास असते. दुसरी गोष्ट, मागणीचा हिशेब करावा: प्रोसेसर ११७, कार्ड १७०, आणि बोर्ड, स्मृति, तबकड्या, पंखे मिळून अदमासें ५० धरिले तर सुमारें ३४० वॅट होतात. या कार्डासाठीं त्याच्या उत्पादकांनीं ५५० वॅटची शिफारस केली आहे. मागणी ३४० असतां शिफारस ५५० ची कां, असा प्रश्न कोणासहि पडेल. ग्राफिक कार्डें क्षणाच्या अगदीं लहान अंशापुरती आपल्या नेहमींच्या मागणीहून कितीतरी अधिक वीज एकदम ओढतात, हें त्याचें एक कारण. म्हणूनच २०२२ सालच्या एटीएक्स ३.० या सुधारित नियमावलींत, नव्या जोडणीच्या मोठ्या संचांनीं सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरता दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अट घातली गेली. आम्हीं ६५० वॅटचा संच निवडला. त्यांत पुढेंमागें कार्ड बदलल्यास सोय राहते, आणि पेटी आपल्या शक्तीच्या निम्म्या भारावर चालते. तेथेंच तिची कार्यक्षमता सर्वांत चांगली असते. ६५० चा संच घेतला म्हणजे वीज ६५० वॅट जळते, ही समजूत मात्र चुकीची आहे. पेटी मागणीपुरतीच वीज घेते. मोठ्या पातेल्यांत दोन माणसांचा भात शिजविला म्हणून तांदूळ अधिक लागत नाहीं.

तिसरी गोष्ट नागपूरकरांनीं विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. पेटीची ही शक्ति कोणत्या उष्णमानांत मोजली, हें विचारल्यावांचून आंकड्यास अर्थ नाहीं. दुकानांत ज्या कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पदव्या दाखवितात, त्या २००४ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या ‘एटी प्लस’ योजनेच्या. आणि त्यांची परीक्षा सुमारें २३ अंश उष्णमानांत होते. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जाणें नित्याचें आहे. २०१३ च्या मे महिन्यांत तर तो ४७ अंशांच्याहि वर गेला होता. कॅबिनेटच्या आंतील हवा खोलीहूनहि अधिक तापते. म्हणून उत्पादकानें आपल्या माहितीपत्रकांत ४० वा ५० अंश उष्णमानांत अखंड पूर्ण शक्तीची हमी दिली आहे काय, हें पाहावें. आंतील कपॅसिटर ८५ अंशांच्या मर्यादेचे नसून १०५ अंशांच्या मर्यादेचे असावेत. उष्णमान दहा अंशांनीं उतरलें कीं त्यांचें आयुष्य साधारण दुप्पट होतें, असा या धंद्यांतील जाणत्यांचा ढोबळ नियम आहे.

पदव्यांविषयीं दोन शब्द. निम्म्या भारावर कांस्य दर्जाची पेटी ८५ टक्के आणि सुवर्ण दर्जाची ९० टक्के कार्यक्षम असावी लागते. संगणकास ३०० वॅट पोंचवावयाचे तर पहिली भिंतींतून ३५३ वॅट घेते आणि दुसरी ३३३. रोज चार तास खेळ चालला, तर महिन्यास २.४ युनिटांचा फरक पडतो. युनिटास दहा रुपये धरिले तरी वर्षाचे तीनशें रुपयेहि होत नाहींत. अर्थात् केवळ बिलासाठीं सुवर्णपदक घेण्यांत हंशील नाहीं. परंतु पहिल्या पेटींत ५३ वॅटची उष्णता कोंडते आणि दुसरींत ३३ वॅटची; आमच्या उन्हाळ्यांत खरा लाभ आहे तो हा.

पदवी म्हणजे सुरक्षितता नव्हे, हेंहि विसरूं नये. २०२१ सालीं गिगाबाइट कंपनीच्या पी ७५० जीएम आणि पी ८५० जीएम या सुवर्ण दर्जाच्या संचांसंबंधीं परीक्षकांनीं तक्रारी प्रसिद्ध केल्या. त्यानंतर कंपनीनें त्यांतील अतिभार-रक्षणाची मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवरून ११० ते १२० टक्क्यांवर उतरविली, आणि ठराविक क्रमांकांचे संच बदलून देण्याची योजना जाहीर केली. यावरून घ्यावयाचा बोध असा कीं कंपनीच्या नांवावर न जातां नेमक्या नमुन्याची पारख करावी. पेटी किती टक्के वीज वांचविते यापेक्षां, संकट आलें असतां ती स्वतः शांतपणें बंद पडते कीं नाहीं, हें अधिक महत्त्वाचें. अतिदाब, अतिभार, अतिउष्णता आणि शॉर्टसर्किट या चारहि प्रसंगीं रक्षण असल्याचें माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेलें असावें. खराब पेटी एकटी मरत नाहीं. जातांना बोर्ड आणि कार्ड यांसहि बरोबर घेऊन जाते.

पेटी बसवितांना एक धोका पुष्कळांस ठाऊक नसतो. ज्या संचाच्या तारा सुट्या निघतात, त्याच्या जुन्या तारा कॅबिनेटमध्यें तशाच ठेवून नवी पेटी जोडण्याचा मोह होतो. तारेचें संगणकाकडील टोंक नियमानें ठरलेलें आहे; पेटीकडील टोंक ठरलेलें नाहीं. टोंक बिनचूक बसतें, पण १२ व्होल्ट भलत्याच ठिकाणीं पोंचतात आणि तबकडीवरील वर्षांनुवर्षांचीं छायाचित्रें क्षणांत नष्ट होऊं शकतात. नव्या पेटीबरोबर नव्याच तारा वापराव्यात. मोठ्या कार्डांवर अलीकडे जी बारीक पिनांची नवी जोडणी येते, ती पूर्णपणें आंत बसली आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें. २०२२ सालीं आरटीएक्स ४०९० कार्डांच्या कांहीं जोडण्या वितळल्या, आणि त्या अर्धवट बसविल्या होत्या असें कार्डाच्या उत्पादकांनीं कारण सांगितलें.

आतां घराच्या विजेविषयीं. मृगापूर्वींच्या वादळांत वीज लपंडाव खेळूं लागते. वीज गेल्यावर चांगली पेटी सुमारें १६ मिलिसेकंद तग धरते. तेवढ्यांत यूपीएसनें भार उचलला पाहिजे. घरच्या इन्व्हर्टरला पालटण्यास याहून अधिक वेळ लागत असेल तर संगणक बंद पडणारच. त्यांत पेटीचा दोष नाहीं. शिवाय आजच्या पेट्या चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर कधीं कधीं कुरकुरतात वा बंद पडतात. शुद्ध लहरीचा असल्यास बरें. बाजारांतील सामान्य ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, आणि आमच्या हिशेबाचा संगणक खेळाच्या वेळीं भिंतींतून त्याहून अधिक घेतो. तेव्हां यूपीएसचेंहि गणित त्याच पानावर मांडावें.

भिंतींतील तिसरें भोंक, म्हणजे अर्थिंग, हें तर सर्व रक्षणाचें मूळ. आपल्या भागांतील काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि कोरडी पडते. कोरड्या मातींत वीज सहजासहजीं उतरत नाहीं. अंगणांतील अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावें, आणि जुन्या घरांत एकदां जाणत्या वायरमनकडून अर्थिंगची परीक्षा करवून घ्यावी. कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावूं नयेत. आणि कूलरची ओलसर, धुळीची हवा थेट कॅबिनेटवर येईल असेंहि ठेवूं नये.

सीताबर्डीच्या बाजारांत वा अन्यत्र कोठेंहि गेल्यावर दुकानदारास तीनच प्रश्न विचारावे. १२ व्होल्टच्या रांगेंत किती अँपिअर? किती उष्णमानांत पूर्ण शक्तीची हमी? आणि हमी किती वर्षांची? चांगल्या संचांस पांच ते दहा वर्षांची हमी मिळते. पक्कें बिल घेऊन तें घरच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावें. जुना, वापरलेला संच कितीहि स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. त्याचे किती उन्हाळे गेले हें त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलें नसतें. आणि दुकानांत जातांना घरच्या मुलास बरोबर न्यावें, पण चिठ्ठीवरील गुणाकार त्याच्याकडूनच करवावा. ज्याला आपल्या यंत्राची भूक मोजतां येते, तो पुढें संसाराचा हिशेबहि नेमका मांडील.