लठ्ठपणाची शस्त्रक्रिया: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा जिल्ह्याला संयमाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. गांधीजी १९३६ मध्ये तेव्हाच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले, आणि एकादश व्रतांमधलं ‘अस्वाद’ व्रत इथल्या आश्रमजीवनाचा भाग झालं. जिभेचे चोचले न पुरवण्याची ही शिकवण मोलाचीच आहे. पण तिचा दाखला देऊन लहानपणापासून लठ्ठ असलेल्या माणसाला दोषी ठरवणं हा अन्याय आहे. ‘तोंडावर ताबा ठेव’ हे अशी मुलगी शाळेत ऐकते, लग्नाच्या पंगतीत ऐकते, दवाखान्यातही ऐकते. पुढे तिनं वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार केला, तर त्यावरही शेरे तयार असतात. त्यातले पाच नेहमीचे गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : जास्त खातात, म्हणूनच लठ्ठ होतात.

वस्तुस्थिती : खाण्याचा आणि बैठ्या जगण्याचा वाटा आहेच, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० प्रौढांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं वजन जन्मदात्या आईवडिलांच्या वजनाशी जुळत होतं; ज्यांच्या घरी जेवून ते वाढले, त्यांच्याशी नाही. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीचा साठा पुरेसा असल्याचा निरोप ते मेंदूला देतं. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देत नाही आणि भूक मागे हटत नाही.

वसईच्या एका महिलेची हकीकत २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून गाजली. जन्मावेळी तिचं वजन ३ किलो, म्हणजे चारचौघींसारखंच होतं. सहाव्या वर्षापासून ते वाढू लागलं, सोळाव्या वर्षी १२६ किलो झालं आणि पुढे ३०० किलोंवर पोचलं. कित्येक वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. सहा वर्षांच्या पोरीवर संयम नसल्याचा ठपका कोण ठेवणार?

गैरसमज २ : मनावर घेतलं तर वजन उतरतं आणि तसंच राहतं.

वस्तुस्थिती : उतरतं, पण टिकवणं अवघड असतं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. वजन घटलं की शरीर ती उपासमार समजतं, खर्च आखडतं आणि भूक वाढवतं. त्या माणसाची जिद्द कमी पडत नाही. त्याला स्वतःच्याच शरीराशी रोज झगडावं लागतं.

गैरसमज ३ : ही चरबी काढण्याची, बारीक दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया आहे.

वस्तुस्थिती : चरबी शोषून काढणारी लायपोसक्शन वेगळी. बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया पोटातल्या अवयवांवर होते. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः याच भागात तयार होतं. ‘बायपास’मध्ये जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींमुळे भुकेची आणि तृप्तीची संप्रेरकं बदलतात. म्हणून अनेकांची रक्तशर्करा वजन फारसं उतरण्याआधीच सुधारते. वसईच्या त्या महिलेवर २०१५ आणि २०१७ अशा दोन टप्प्यांत या शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१९ पर्यंत तिचं वजन ८६ किलोंवर आलं. शेजारच्या नागपूरचे नितीन गडकरी यांनीही २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती.

शस्त्रक्रिया करणं म्हणजे हार मानणं, असं मानणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरी पेशावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली होती.

गैरसमज ४ : जिवाशी खेळ आहे.

वस्तुस्थिती : धोका आहे. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, रक्ताची गुठळी होणं हे संभवतं. अमेरिकेतल्या १० केंद्रांमधल्या ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत, जी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, ३० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण ०.३ टक्के होतं. दुसरीकडे स्वीडनमध्ये सुमारे चार हजार लठ्ठ व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. सरासरी जवळपास ११ वर्षांनंतर, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका न झालेल्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी आढळला. अतिलठ्ठपणावर काहीच न करणं हाही धोकाच आहे. मात्र अनुभवी शल्यचिकित्सक आणि अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय ही अट सोडू नये.

गैरसमज ५ : एकदा ऑपरेशन झालं की सुटलो.

वस्तुस्थिती : इथूनच नवी शिस्त सुरू होते. सुरुवातीचे काही आठवडे पातळ, मग मऊ आहार. नंतरही घास लहान, चावणं भरपूर आणि प्रथिनं आधी. वरण, पनीर, दही, चालत असेल तर अंडी हे ताटात पहिलं, भाकरी-भात नंतर. बायपासनंतर गोड खाल्लं तर धडधड, घाम आणि चक्कर येऊ शकते. वर्ध्याचा तुपातला गोरसपाकही मग जपूनच खावा लागतो. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं, रक्ततपासणी नियमित करावी लागते. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं, म्हणून तिथे जास्त काळजी हवी. स्त्रियांनी पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. काहींचे केस गळतात, काहींचं थोडं वजन परत येतं, काहींना मन सावरायला मदत लागते. यात लाजण्यासारखं काही नाही.

खर्चाबद्दलही नीट माहिती हवी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार वय किमान १८, बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास असेल आणि इतर उपाय थकले असतील, तर डॉक्टरी सल्ल्यानं झालेली ही शस्त्रक्रिया ‘लठ्ठपणाचा उपचार’ म्हणून आरोग्य विम्यातून वगळता येत नाही. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ मात्र लागू होऊ शकतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचा बीएमआय ४० म्हणजे सुमारे १०२ किलो वजन.

शस्त्रक्रिया प्रत्येक लठ्ठ माणसासाठी नाही. पण ती कोणाला लागते, हे गावातल्या शेऱ्यांनी नव्हे, तपासणीनं ठरावं. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत; साखर, थायरॉइड, यकृत यांच्या तपासण्यांपासून सुरुवात तिथे करता येते. आर्वी, हिंगणघाट, आष्टी कुठेही तुमच्या घरात असं कोणी असेल, तर त्याला टोमणे मारणं थांबवा आणि पुढच्या तपासणीला सोबत जा.