सही करण्याआधी

जून महिना आहे. शाळा नुकतीच सुरू झाली आहे. मुलगी घरी येते, दप्तर खाली ठेवते आणि म्हणते, "आई, या कागदावर तुझी सही पाहिजे. बाईंनी उद्याच मागितलाय."

कागदावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : 'शाळेतील संगणक व इंटरनेट वापरण्याचे नियम.' खाली दोन रेघा आहेत. एक विद्यार्थ्याच्या सहीसाठी, दुसरी पालकांच्या सहीसाठी.

पूर्वी आपण काय केले असते? शाईला अंगठा लावून कागदावर उठवला असता. आत काय लिहिले आहे, हे विचारलेही नसते. आता तसे नाही. आता आपल्याला वाचता येते. मग सही करण्याआधी तो कागद वाचायला नको का? चला, आज आपण तोच कागद वाचू.

हे इंटरनेट म्हणजे काय?

संगणक तुम्ही पाहिला आहे. बँकेत असतो, तलाठ्याच्या कचेरीत असतो. सातबाराचा उतारा त्यातूनच निघतो. हल्ली घरोघरी जो मोबाईल असतो, तोही एक लहानसा संगणकच.

एक संगणक दुसऱ्याला जोडला, त्याला तिसरा जोडला. असे करत जगभरचे संगणक एकमेकांना जोडले. या जाळ्याला म्हणतात इंटरनेट. हे जाळे तारांचे आहे. काही तारा तर समुद्राच्या तळाशी टाकल्या आहेत. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून उजेडाच्या रूपाने निरोप धावतो. परदेशातून आलेल्या अशा काही तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. आपल्या देशात सामान्य लोकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

त्याचा मुलांना उपयोग काय? पुष्कळ आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके त्यावर वाचता येतात. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश त्यावर आहे. एवढे जाडजाड खंड घरात कोण घेणार? पण शाळेच्या संगणकावर ते गरिबाच्या पोरालाही वाचता येतात, आणि फुकट.

म्हणून संगणकाला भिऊ नये. पण तो वापरण्याची रीत असते. ती रीत या कागदावर लिहिली आहे.

नियम पहिला : आपला पासवर्ड कुणालाही सांगू नये.

पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. मुलीने आपले नाव आणि हा शब्द लिहिला की संगणक समजतो, ही तीच मुलगी. तेव्हा पासवर्ड ही तिची सहीच झाली म्हणा ना!

आता समजा, तिने तो आपल्या मैत्रिणीला सांगितला. मैत्रिणीने गंमत म्हणून तिच्या नावाने वर्गातल्या दुसऱ्या मुलीला घाणेरडा मजकूर पाठवला. दुसऱ्या दिवशी चौकशी होते. कुणाच्या नावाने, किती वाजता काम झाले, याची नोंद संगणकात राहते. नोंदीत नाव निघते आपल्या मुलीचे. ती रडून सांगते, "मी नाही केलं." पण सही तर तिची आहे!

कोऱ्या कागदावर सही करून आपण कुणाला देतो का? नाही देत. मग पासवर्डही द्यायचा नाही. जिवलग मैत्रिणीलासुद्धा नाही. आणि काम संपले की आपल्या नावातून बाहेर पडायचे. त्याला लॉग आऊट करणे म्हणतात. ते विसरले, तर नंतर बसणारा आपल्याच नावाने काम करील.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा गुन्हा आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मुलांच्या हातून गुन्हा घडला तर त्याची चौकशी बालन्याय कायद्याप्रमाणे वेगळ्या रीतीने होते. पण म्हणून ती गंमत ठरत नाही.

नियम दुसरा : संगणक सर्वांचा आहे.

गावचा पाणवठा सर्वांचा असतो. तिथे कुणी म्हैस धुतली तर पाणी सर्वांचेच गढूळ होते. शाळेच्या संगणकाचे तसेच आहे. संगणक थोडे, मुले फार. एकजण तासभर खेळ खेळत बसला, तर दुसऱ्याची पाळी जाते.

बाहेरून आणलेला पेन ड्राइव्ह न विचारता लावू नये. त्यातून व्हायरस येऊ शकतो. व्हायरस म्हणजे यंत्र बिघडवण्यासाठी मुद्दाम लिहिलेला खोडसाळ हुकूम. तो एका संगणकातून दुसऱ्यात पसरतो, म्हणून त्याला साथीच्या रोगजंतूचे नाव पडले. एका पोराचा हट्ट, आणि सगळ्या शाळेचे संगणक बंद!

नियम तिसरा : दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देऊ नये.

बाईंनी निबंध सांगितला, 'माझे गाव'. मुलाने इंटरनेटवरून निबंध उतरवला. निबंधात गावाला मोठी नदी आहे. आपल्या गावाला तर साधा ओढा आहे!

हल्ली संगणकाला नुसते सांगितले, तरी तो निबंध लिहून देतो. पण दुसऱ्याने भाकरी खाल्ली तर आपले पोट भरते का? माहिती जरूर शोधावी, वाचावी, कुठून घेतली ते सांगावे. मग लिहावे मात्र आपल्या शब्दांत.

आणखी एक. छापलेले सगळे खरे नसते, तसे इंटरनेटवरचेही सगळे खरे नसते. तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. संगणकाने स्वतः लिहून दिलेले उत्तरही चुकू शकते. म्हणून एक गोष्ट दोन ठिकाणी ताडून पाहावी, नाहीतर गुरुजींना विचारावी.

नियम चौथा : आपले नाव, पत्ता, फोटो अनोळखी माणसाला देऊ नये.

बाजारात अनोळखी माणसाने मुलीला घरचा पत्ता विचारला, तर ती सांगेल काय? इंटरनेटवरचा माणूस तर दिसतही नाही. 'मीही आठवीत आहे' असे सांगणारा चाळीस वर्षांचा बाप्या असू शकतो.

फोटोची गोष्ट तर फारच जपण्याची. सुटलेला बाण परत येत नाही, तसा पाठवलेला फोटो परत येत नाही. आपण आपल्याकडचा पुसला, तरी ज्याला मिळाला त्याच्याकडे तो राहतो. तो पुढे दहाजणांना पाठवतो. दुसऱ्याचा खाजगी फोटो त्याच्या संमतीवाचून काढणे किंवा पसरवणे, हाही याच कायद्याने गुन्हा आहे. हे मुलींनी जेवढे समजून घ्यावे, त्याहून अधिक मुलांना समजावून सांगावे. घरात मुलगा असेल तर हा नियम त्याला दोनदा वाचायला लावा.

नियम पाचवा : काही वाईट दिसले किंवा कुणी त्रास दिला, तर लगेच मोठ्यांना सांगावे.

हा नियम लिहायला सोपा, पाळायला अवघड. आणि तो अवघड होतो आपल्यामुळे.

कसा, ते पाहा. समजा, कुणीतरी मुलीला धमकी दिली, 'तुझा फोटो सर्वांना दाखवीन.' मुलगी घाबरते. तिला आईला सांगावेसे वाटते. पण ती मनात म्हणते, 'सांगितलं तर बाबा मारतील. शाळा बंद करतील. लग्न लावून टाकतील.' म्हणून ती गप्प बसते. धमकी देणाऱ्याला हेच हवे असते. ती जितकी गप्प बसेल, तितका तो जोर करील.

तेव्हा मुलीला आधीच सांगून ठेवा, "पोरी, चूक झाली तरी मला सांग. मी तुझी शाळा बंद करणार नाही." हे एक वाक्य पुष्कळ मोठ्या संकटातून वाचवते. गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि शिक्षा आपल्या मुलीने भोगायची, हा कुठला न्याय?

मजकूर आला असेल तर घाईने पुसू नका. तो पुरावा असतो. शाळेच्या बाईंना दाखवा, पोलिसांना दाखवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. मोबाईलवरून किंवा इंटरनेटवरून पैशांची फसवणूक झाली, तर १९३० या नंबरावर ताबडतोब कळवावे. दोन्ही नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, "आम्हाला संगणक येत नाही. आम्ही मुलांना काय सांगणार?"

अहो, यातला कोणता नियम आपल्याला नवा आहे? आपली सही जपावी, सर्वांची वस्तू नीट वापरावी, चोरी करू नये, अनोळखी माणसावर भरवसा ठेवू नये, संकट लपवू नये. हे आपण जन्मभर सांगत आलो. वस्तू नवी आहे, रीत जुनीच आहे. कळ कुठली दाबायची, ते मुलांना येते. कसे वागायचे, ते आपल्याला येते. दोघांनी मिळून शिकावे.

मात्र नियम आपल्यालाही लागू आहेत, बरे का! बँकेतून मोबाईलवर आलेला गुप्त आकडा आपण फोनवरच्या माणसाला मोठ्याने सांगतो. आलेली बातमी खरी की खोटी, न पाहता पुढे पाठवतो. मुले हे बघत असतात.

तर आज रात्री जेवणे झाली, की मुलीला जवळ बसवा. एक नियम तिने वाचावा, एक तुम्ही वाचावा. अडेल तिथे एकमेकींना विचारा. समजले नाही ते वहीत लिहा आणि उद्या शाळेत जाऊन बाईंना विचारा. त्यात लाज कसली?

सगळे पटले, की मग खालच्या दोन रेघांकडे या. पहिल्या रेघेवर तिची सही. दुसऱ्या रेघेवर तुमची.

सावकाश करा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. कागद वाचून केलेली सही आहे ती!