फीमाफी, समुपदेशक, टीपीओ : खरे किती, ऐकीव किती

इंजिनिअरिंगला किंवा पॉलिटेक्निकला नंबर लागला की घरात चर्चा रंगते ती ब्रँचची, होस्टेलची आणि लॅपटॉपची. विद्यार्थ्याच्या मदतीसाठी कॉलेजात काय काय आहे, हे मात्र सिनिअरकडून, शेजाऱ्याकडून नाहीतर सायबर कॅफेवाल्याकडून कळते, आणि तेही अर्धेमुर्धे. या ऐकीव माहितीपायी अनेकांचे हक्काचे पैसे बुडतात. महाराष्ट्रातल्या तंत्रशिक्षण संस्थांत हमखास कानावर पडणारी काही वाक्ये म्हणूनच एकदा तपासून पाहू.

“मुलींचं शिक्षण आता फुकट, एक रुपया लागत नाही.” अर्धसत्य. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना राज्य सरकार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के देते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या मुलींसाठी ही सवलत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश यात बसत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही योजनेबाहेर आहेत, पण त्यांच्या चकचकीत माहितीपत्रकात ही गोष्ट ठळक अक्षरांत छापलेली नसते. शिवाय शिक्षण शुल्क ही फीच्या पावतीवरची एक ओळ झाली. तिच्याखाली डेव्हलपमेंट फी असते, आणि होस्टेल, मेस, बस यांचा खर्च वेगळाच. प्रवेश पक्का करण्याआधी फीचा तपशील ओळीओळीने मागून घ्यावा.

मुलांना काहीच नाही, हाही त्याचाच जोडगैरसमज. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. त्याहून मोठी आणि कमी माहितीची सोय म्हणजे टीएफडब्ल्यूएस, अर्थात शिक्षण शुल्क माफी योजना. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जादा जागा, उत्पन्नमर्यादा तीच ८ लाखांची, जातीची अट नाही, निवड गुणवत्तेने, आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. पण ही जागा कॅपचा ऑप्शन फॉर्म भरतानाच मागावी लागते. यादीत तिचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ लागलेला. तो भरायचा राहिला, तर नंतर प्राचार्यांना कितीही भेटा, उपयोग नाही. ती जागा घेतल्यावर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, हेही आधीच लक्षात ठेवावे.

“फॉर्म भरला, आता पैसे येतील.” सर्वांत महागात पडणारा समज हाच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथला क्लार्क कागद तपासून तो पुढे विभागाकडे पाठवतो आणि मंजुरीनंतर रक्कम सुटते. कागदात खोट निघाली की अर्ज परत विद्यार्थ्याच्या लॉगिनला येतो. ते कळणार कसे? मेसेज येतो, पण तो नोंदवलेल्या मोबाइलवर. फॉर्म कॅफेत भरला असेल आणि घाईत कॅफेवाल्याने स्वतःचाच नंबर टाकला असेल, तर मेसेज त्याच्या फोनवर जाऊन पडतो. मुदत उलटते आणि मुलगा ‘सरकार पैसे देत नाही’ असे म्हणत बसतो. (सरकारही वेळेवर देते असे नाही. हप्ते रखडतात, त्याचा दोष मुलांच्या माथी मारू नये.)

दुसरी गंमत बँकेची. पासबुकाला आधार जोडले आहे एवढ्याने भागत नाही. सरकारी अनुदान आधार क्रमांकावरून सुटते, आणि ज्या खात्याचे आधार सीडिंग, म्हणजे अनुदानासाठीची आधार जोडणी, सर्वांत शेवटी झाले त्यात जाऊन पडते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत खाते उघडून दिले असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे जाते. कॉलेजजवळच्या बँकेत मात्र शिल्लक शून्य. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहता येते. अर्जाआधी ती जरूर पाहावी. आणि पहिल्या वर्षी मंजूर झालेला अर्ज पुढच्या वर्षी आपोआप चालू राहत नाही, नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.

“सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही, म्हणजे विषय संपला.” उलट काही योजना तिथूनच सुरू होतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला राहण्या-जेवणाचा खर्च थेट खात्यात देण्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांकरिता स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अटी वेगवेगळ्या आहेत. चौकशी समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा तंत्रशिक्षण या संबंधित खात्यात करावी, रूममेटकडे नव्हे.

“समुपदेशकाकडे जातो म्हणजे डोक्यात काहीतरी आहे, आणि सगळं एचओडींना कळतं.” पहिल्या सेमिस्टरला एम-थ्री (गणित-३) सारख्या विषयांची नुसती नावे ऐकून धास्तावलेला, मराठी माध्यमातून आलेला, घरापासून पहिल्यांदाच लांब राहणारा मुलगा आजारी नसतो, गोंधळलेला असतो. त्याच्याशी बोलायला कुणीतरी हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर ती बाहेर जाता कामा नये. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. तरी एखाद्या प्राध्यापकाच्या दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी जादा पाटी ठोकून काम भागवणारी कॉलेजे आहेतच. इंटर्नल मार्क ज्याच्या हातात, त्याच्याजवळ मन कोण मोकळे करील? अशा वेळी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते.

“डिस्लेक्सियाची सवलत दहावीपुरतीच.” नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तो कायदा उच्च शिक्षणालाही लागू आहे. पात्र विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो आणि तासाला किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. प्रमाणपत्र परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, परीक्षा अर्जाबरोबरच द्यावे.

“रॅगिंगची तक्रार केली तर आपलंच करिअर जाईल.” महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. लेखी तक्रार विद्यार्थीच काय, पालक किंवा शिक्षकही करू शकतात. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. प्रमुखाने दुर्लक्ष केले तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असे कायदा मानतो. त्यामुळे ‘आपसांत मिटवा’ असा सल्ला मिळाला, तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

“टीपीओ नोकरी लावून देतात.” टीपीओ म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर. ते कंपन्या बोलावतात, निवड कंपनी करते. कॅम्पसला काही जमले नाही, तर केंद्राच्या नॅट्स योजनेत पदवी-पदविकाधारकांना स्टायपेंडसह वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळू शकते.

आता एवढे करा. पहिल्या आठवड्यातच आपले टीजी किंवा जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षक कोण, शिष्यवृत्तीची खिडकी कोणती आणि समुपदेशक कोणत्या वारी येतात, हे विचारून लिहून ठेवा. महाडीबीटीचा युजर आयडी, पासवर्ड आणि मोबाइल नंबर स्वतःचाच ठेवा, आणि अर्जाची स्थिती दर पंधरवड्याला स्वतः उघडून पाहा.